पाळ्यांची वही

बुधवार, ९ फेब्रुवारी

ती. वन्संना वहिनीचा नमस्कार.

इकडे सगळे आपापल्या दुखण्यांसह ठीक आहोत. तुमच्या भावाचा खोकला हटत नाही आणि ते औषध घेत नाहीत, दोघेही हट्टी. माझे गुडघे आता जिन्याला घाबरतात. मुलाकडे तुम्हाला करमतं ना? खोलीत ऊन येतं का? अकरा वर्षांत हे एकदाही विचारलं नाही, त्याची लाज वाटते.

पत्राचं कारण सांगते. आपल्या भागात लोकांसाठी झटलेल्या चार बायकांचा रविवारी सभागृहात सत्कार आहे. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, नळासाठी भांडलेली धोबीण, सुईणबाई आणि चौथी मी. मी कसली पुढारी? मॅट्रिक झालेली घरकोंबडी, हातात एक वही. पण अंथरुणाला खिळलेल्यांपाशी बायका बावीस वर्षं आळीपाळीने बसतात, ते म्हणे त्या वहीमुळे. तुमचे भाऊ तर "नेत्याबाई, चहा मिळेल का?" असंच विचारायला लागले होते. मी हसत होते. हसण्याचाही शीण येतो हल्ली.

वही तुम्हाला आठवत असेलच. आपण दोघींनीच सुरू केली होती. पानं वाया जाऊ नयेत म्हणून मी पाळ्या शिसपेन्सिलीने लिहायची. आठवडा संपला की खोडायचं, त्याच पानावर पुढचा आठवडा. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, कागदातून पलीकडचं दिसायला लागलं. आता तरी नवी घे!"

मानपत्राचा मसुदा मला वाचायला पाठवला होता. त्यात लिहिलंय, "एक दुर्दैवी अपवाद वगळता एकही पाळी चुकली नाही." तो अपवाद म्हणजे तुम्ही, असंच सगळे समजतात.

वन्सं, त्या दुपारची पाळी माझी होती.

शिंपीणबाई दुकानात असायच्या, त्यांच्या सासूबाईंपाशी मी बसायचं होतं. जेवण उरकून देवापुढे जरा टेकले, दोन घटका नामस्मरण करावं म्हणून, आणि तिथेच डोळा लागला. त्या आठवड्यात चार ठिकाणी मीच बसले होते. पण ते काही कारण होत नाही. जागी झाले तेव्हा साडेचार वाजले होते. धावत गेले तर म्हातारी खाटेखाली, पाण्याचा पेला कलंडलेला, शेजारीपाजारी जमलेले. नवव्या दिवशी त्या गेल्या.

"आज कोण होतं? वही आणा," असा गलका झाला, तेव्हा मी वही आणायला घरी आले. माझं नाव खोडलं आणि तुमचं लिहिलं. विचार असा काही केला नाही. तुम्ही सकाळीच परगावाहून आला होतात, वही पाहिली नव्हती, एवढं मात्र डोक्यात होतं. म्हणजे विचार केलाच होता.

तुम्ही भांडाल असं वाटलं होतं. तुम्ही वही हातात घेतलीत, नाव वाचलंत आणि म्हणालात, "मला तर आठवत नाही. पण वहिनीच्या वहीत आहे म्हणजे असणारच. मीच विसरले असेन." मग शिंपीणबाईंच्या पाया पडलात. महिन्याभरात मुलाकडे निघून गेलात. तुम्हाला स्टँडवर सोडायला मी आले होते. तुमची बॅग मीच उचलली होती.

परवा शिंपीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांचं मशीन चालूच राहिलं. हातातली शिवण संपवून म्हणाल्या, "सासूबाई गेल्यावर दोन वर्षं माझी पोरं सांभाळलीत, ते यासाठी होय?"

"हो."

"मला वाटायचं, माया आहे."

"तीही होती हो."

"काकू, माझ्याशी नंतर बोला. आधी त्यांना सांगा. त्या बाईने माझे पाय धरले होते, आणि मी पाय मागे घेतला होता."

मुख्याध्यापिकाबाईंनाही सांगितलं, तर म्हणाल्या, "छापून झालंय हो सगळं! एवढं जुनं कशाला उकरता?" मी म्हटलं, मानपत्र वाचा खुशाल, त्यानंतर मला दोन मिनिटं द्या. तुमच्या भावाला काल सांगितलं. ते ताटावरून उठले नाहीत. आज सकाळी चहा स्वतःच करून घेतला.

रविवारी पाच वाजता सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुमच्या कानावर ते दुसऱ्या कुणाकडून जाऊ नये, म्हणून हे पत्र आधी. देवाला रोज सांगत आले. तो उलटून बोलत नाही, म्हणून जमत होतं. तुम्ही बोला. जे येईल ते बोला.

यायला जमलं तर या. पुढच्या रांगेत मात्र बसू नका, तुमचा चेहरा दिसला तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. दाराजवळ बसा, म्हणजे ऐकून झाल्यावर मला न भेटताही निघता येईल.

आशीर्वाद मागायला तोंड उरलेलं नाही. म्हणून नुसता नमस्कार.

वहिनी