मागून पट्टा धरणारी

प्रिय आई,

उभ्यानेच लिहिते आहे, ओट्यावर कागद ठेवून. बसलं की कंबर धरते, आडवं पडलं की डोकं फिरतं. सकाळपासून या दोन खोल्यांत इतक्या येरझाऱ्या घातल्या की बाबा शेवटी वैतागले. "काय चालू आहे वं तुहं? फरशी झिजवून राहिली का?"

रविवारी लग्न आहे, वर्धा रोडच्या एका लॉनवर. कंबर धरल्यानंतरचं पहिलं काम. होकार देऊन बसले आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. कुणाला सांगू? मैत्रिणी म्हणतात, झेपत नसेल तर सोड. म्हणून तुला लिहायला घेतलं.

लग्नाच्या शूटिंगचं ते मशीन पहिल्यांदा घरी आणलं तो दिवस आठवतो का गं? आधी अंगात जाकीट चढवायचं, त्याला स्प्रिंगचा लोखंडी हात, हाताला दांडा, दांड्याच्या वर कॅमेरा आणि खाली बॅटऱ्या. मी चालले, धावले तरी चित्र हलत नाही, हे मी तुला किती उत्साहाने सांगितलं! तू सगळं ऐकून घेतलंस, एका हाताने उचलून पाहिलंस आणि म्हणालीस, "यापेक्षा पऱ्हाटीचा भारा हलका राहते. अन् तो डोक्यावर घेऊन उलटं नाही चालावं लागत."

उलटंच तर चालायचं असतं! नवरी मंडपात येते तेव्हा तिच्याकडे तोंड करून मागे मागे जायचं. मागे काय आहे ते दिसत नाही. पहिल्या लग्नाला तू माझ्यावर लक्ष ठेवायला आली होतीस, एकटी पोरगी कुठे कुठे जाते म्हणून. आणि मी निघाले होते थेट जिलबीच्या कढईवर. तू धावलीस, माझ्या कमरेचा पट्टा मुठीत धरलास आणि ओरडलीस, "बाजूले व्हा ना जी, पोरगी भाजन!" त्या दिवसापासून तो पट्टा तुझा झाला.

आपली भाषा कशी ठरली, कधी ठरली, मला सांगताच येणार नाही. एक झटका म्हणजे थांब. अंगठा डावीकडे रुतला की डावीकडे. दोन टोचण्या म्हणजे पायरी. मी नवरीकडे बघायचे आणि तू रस्त्याकडे. त्यामुळे इतकी लग्नं करूनही तुला एक नवरी धड दिसली नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता विचारायचीस, "कशी होती वं नवरी? रडली का?"

आणि चित्रांत तू कुठेच नाहीस. असणार कशी? कॅमेऱ्याच्याही मागे मी, आणि माझ्याही मागे तू.

जाकीट बाप्यांच्या अंगाच्या मापाचं. माझ्या खांद्यांना काचायचं, छातीवर रुतायचं. तू जुन्या दुलईचा कापूस काढून त्याला आतून गाद्या शिवल्यास. मे महिन्यात त्याच्या खिशात कांदा ठेवायचीस. फोटोवाली पोरं हसायची, मी चिडायचे. पण उन्हाने कधी पडले नाही, हेही खरं.

तुझी खरी कमाल म्हणजे लोकांना थांबवणं. एका शॉटनंतर मशीन स्टँडवर ठेवल्याशिवाय तू पट्टा सोडायची नाहीस. एका नवरीच्या मामाने घाई केली होती ना, "अजून एक राउंड घ्या ना, मशीनच तं आहे!" तू त्याच्यापुढे उभी राहिलीस. "मशीन तिच्या अंगावर आहे, ती मशीन नाही होय जी. पाणी पिऊ द्या पोरीले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचं काम जाणार असं वाटलं. उलट त्याच मामाने ताक पाठवलं.

मग स्वतःच्या बाबतीत काय झालं होतं गं तुला?

थांब, कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करून येते.

हं. त्या चढाच्या लॉनवर, नवरदेवाची वरात घेत होतो. तुझी मूठ एकदम जड झाली. मला वाटलं, थांब म्हणतेस. मी थांबले. तू म्हणालीस, "चाल चाल, काही नाही झालं." आई, तू मला थांबवत नव्हतीस. तू पट्ट्याला टेकली होतीस. तुला दम लागला होता! माझ्यासाठी साऱ्या मांडवाशी भांडणारी तू, स्वतःसाठी एक शब्द बोलली नाहीस. त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारची भांडी आवरून "जराशी पडते" म्हणालीस, ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं जुनं असावं. काहून नाही सांगितलं? मी कॅमेरा फेकून दिला असता गं. खरंच दिला असता.

तुझ्यानंतर दोघंतिघं पट्टा धरायला आले. चांगली माणसं होती. पण पाठीला दुसरा हात लागला की माझं अंग आखडायचं. मी म्हटलं, राहू द्या, मी बघते. आणि फेब्रुवारीतल्या एका लग्नात नवरीपुढे मागे चालताना गालिच्याखाली काहीतरी लागलं. पडले नाही. पडू नये म्हणून मशीनसकट अशी वळले की कमरेत काहीतरी चमकून गेलं. सगळे धावत आले आणि पहिलं काय विचारलं माहीत आहे? "कॅमेरा वाचला ना?" मीही हसून म्हटलं, वाचला. आणि पाठवणी होईपर्यंत काम केलं. दुसऱ्या दिवशी चप्पल घालायला वाकता येईना.

तुझीच पोर ना मी!

मग आराम, शेक आणि पोटाचे-पाठीचे व्यायाम. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई फार सरळ बोलतात. त्या म्हणाल्या, "काम सोडा असं मी म्हणत नाही. पण दुखलं की थांबायचं आणि तोंडाने सांगायचं. तुम्ही सांगितलं नाही, म्हणून एवढं वाढलं." मी मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

आता कालची गंमत ऐक. सकाळी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "रविवारी पट्टा मी धरतो."

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "उमरेडच्या गाडीवर जिंदगी गेली माही. गाडी रिव्हर्स घेताना मागं कोण उभं राहे? डायव्हर का?"

जन्मभर एसटीत कंडक्टर होते, त्यांच्याशी काय वाद घालणार? स्टँड दाराबाहेर ठेवला, गल्लीतच जाकीट चढवलं आणि दाराकडे तोंड करून उभी राहिले. महाल भागातली आपली गल्ली तुला माहीतच आहे. दोन स्कूटर समोरासमोर आल्या की भांडण. बाबांनी पट्टा धरला आणि माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या, बसच्या पत्र्यावर मारायचे तशा. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे!"

माझा पाय उचलेना. ती मूठ तुझी नव्हती आई, मोठी होती, घट्ट होती, आणि मला ती नको होती. बाबा घाई न करता उभे राहिले. "सवारी उतरून राहिली असं समज," म्हणाले. "होऊ दे तुहं आरामात." मग कसा कोण जाणे, एक पाय मागे गेला. मग दुसरा. तेलाच्या दुकानापर्यंत गेलो आम्ही! स्कूटरवाले थांबून बघत होते.

तिथे बाबा एकदम म्हणाले, "थांब. घुटणे दुखून राहिले माहे." आणि पट्टा सोडून, सगळ्या गल्लीदेखत, दुकानाच्या पायरीवर बसले.

मी वजन अंगावर घेऊन तशीच उभी. म्हटलं, "थांबायचं?"

"मंग काय! दुखते तं थांबायचं. त्यात लाजाचं काय आहे?"

आपल्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं गं. माझी कंबर निम्म्या गल्लीपासून ठणकत होती आणि मी दातांवर दात ठेवून होते. तोंडातून आपसूक निघालं, "बाबा, माहीबी कंबर दुखून राहिली."

"मंग ठेव ना ते खाली! काय पाहून राहिली माह्याकडं?"

सरळ चालत दारापर्यंत गेले, मशीन स्टँडवर अडकवलं, जाकीट काढलं आणि परत येऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मग जे रडू आलं, ते तुझ्या तेराव्यालाही आलं नव्हतं. बाबा गुडघे चोळत बसले होते. तेलवाल्याने न विचारता दोघांना पाणी दिलं.

आज नवरीच्या वडिलांना फोन करून सांगितलं, मध्ये मध्ये थांबावं लागेल. ते "पाहू" म्हणाले. कदाचित पुढचं काम दुसऱ्याला देतील.

पण तुला शब्द देते. तुझ्यासारखं "काही नाही झालं" मी म्हणणार नाही, आणि बाबांनाही म्हणू देणार नाही. रविवारी मंडपाच्या मधोमध नवरी थांबलेली दिसली, तर घाबरू नकोस. आम्हा दोघांपैकी कुणाचं तरी दुखलं असेल, आणि त्याने ते सांगितलं असेल.

तुझीच,
वैशू