एप्रनच्या खिशातला मणका

सावंगी (मेघे),
रविवार, दुपारची भांडी घासून झाल्यावर

ती. रुख्मिणीताईस,
धाकट्या कौशल्याचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे खुशाल आहोत, तुम्ही सारे तिकडे केळझरले खुशाल असालच. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरानं सांगितलेला व्यायाम करतेस, का नुसता त्या व्यायामाचा कागद उशाशी ठेवून झोपतेस? (रागावू नको. मी पण तेच केलं असतं.) पत्र पाहून घाबरू नको, कोणाचं बरंवाईट झालं नाई. फोनवर तू मले बोलू देत नाई, अन् मले सांगायचं भल्लं मोठं आहे, म्हणून लिहून राह्यली. नववीपर्यंत शिकलेली मी. शाळेतली भाषा लिहिता लिहिता मधातच आपली येते, समजून घेजो.

पहिले तुझे आभार मानते. त्या दिवशी तू मले हाताले धरून बचत गटाच्या मीटिंगमध्ये नेलं नसतं तर मी अजून लोकाच्या मोरीत बसली असती. आठवते ना, बायांना धंदा शिकवायले आलेल्या सुधा मॅडम एकेकीले उभं करून विचारत होत्या, "तुमच्यात काय कौशल्य आहे?" मले वाटलं नाव विचारून राह्यल्या. मी म्हटलं, "मीच कौशल्या." सारी मीटिंग हसली. मग तू उठून बोलली, "मॅडम, माह्या बहिणीले धुणं येते. दुसऱ्याच्या कपड्यावरचे डाग काढता काढता हिचा जन्म चालला, पण डाग राह्यला असं म्हणणारा अजून जन्मले यायचा आहे." तेव्हा मले तुझा राग आला होता. चारचौघात बहिणीचं मोलकरीणपण सांगते म्हणून मी बसमध्ये तुझ्याशी बोलली नाई. आज सांगते ताई, मॅडमनं वहीत माझ्या नावापुढं "धुलाई" लिहिलं, तोच माझ्या धंद्याचा पहिला दिवस.

आता आम्ही तिघी आहोत. मी, अनुसयाबाई अन् मोनाली. अनुसयाबाई तुझ्याहून थोड्या मोठ्या, नवरा सोडून गेल्यावर त्याईनं वीस वर्षं लोकाचा कापूस वेचला. मोनाली दहावी होऊन घरी बसली होती, लग्न झालं, लेकरू झालं, तरी बसूनच होती. सावंगीत तर तुले माहीत आहे, जिकडे पाहावं तिकडे डॉक्टर होणारे पोट्टे-पोट्टी अन् प्रत्येकाच्या अंगावर पांढरा एप्रन. कापड पांढरं घालायचं अन् चहा, शाई, पोह्यावरची तर्री सारी त्याच्यावरच सांडायची, असा त्याईच्या अभ्यासातच एखादा धडा असावा. मॅडम म्हणाल्या, गिऱ्हाईक दारात उभं आहे, दार उघडा. म्हणून श्रीधरकाकांच्या घरामागचं आंगण भाड्यानं घेतलं, तारा बांधल्या, मोनालीनं "स्वच्छ एप्रन केंद्र" अशी पाटी रंगवली. (पहिल्या पाटीत "स्वच्छ"मधला "छ" सुटला होता. ती पाटी आता हौदावर झाकण आहे.) श्रीधरकाका म्हणजे रिटायर हेडक्लार्क. मनानं चांगले, पण चिमटा कुठं लावला हेही नियमात बसते का ते पाहतात.

दोन महिने बरे गेले. मग तो सोमवार आला. सकाळपासून अनुसयाबाई आपल्या गल्लीतल्या चिंचेवरच्या भुताचं वर्णन करून राह्यल्या होत्या. मी त्याईले समजावून सांगितलं, भूत-बीत काही नसते, विहारात इतके वेळा ऐकतो ते काय नुसतं ऐकायसाठी? बोलता बोलता माझा हात टबात होता. काहीतरी टणक लागलं. काढून पाहते तर भुरकट, मधात भोक, दोन्हीकडून पंख, मागून शेंडी. मी म्हटलं शिंगाडा आहे. मोनालीनं त्याचा फोटो काढून मोबाईलले विचारलं. मोबाईल म्हणे, माणसाच्या मानेचा मणका.

त्यावर मी काय केलं हे लिहायची लाज वाटते, पण तू बहीण आहेस. मी किंचाळली, तो मणका भिंतीपलीकडं भिरकावला अन् फाटकाबाहेर जाऊन उभी राह्यली. भूत नसते म्हणणारी पहिले पळाली, अन् चिंचेवरचं भूत पाहिलेल्या अनुसयाबाई जागच्या हलल्या नाईत. (त्या म्हणतात हिंमत होती. मोनाली म्हणते पाय चालत नव्हते. मी फाटकाबाहेर होती, मले काय माहीत!)

माझ्या किंचाळण्यानं शेजारपाजार गोळा झाला. आमच्या आंगणातून निघाली तेव्हा बातमी हाडाची होती, किराणा दुकानापर्यंत जाता जाता कवटीची झाली, अन् कोपऱ्यावर पोचली तेव्हा धुण्यात अख्खा मुडदा निघाला होता. दोन घरच्या बाया आपल्या चादरी ओल्याच परत घेऊन गेल्या. श्रीधरकाका चष्मा पुसत आले अन् म्हणाले, "कौशल्याबाई, हे नियमात बसत नाही. महिनाअखेर आंगण खाली करा."

ते गेल्यावर मी टबापाशी बसली. ताई, त्या वेळेस मले भुताचं भेव नव्हतं. मले भेव वाटलं ते लोकाच्या मोरीचं. तिथं गार फरशीवर बसल्यावर वरून आवाज येते, "झालं का वो बाई?" दोन महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मले वाटलं, आता परत ऐकायचा. मोनाली तारेवरचे चिमटे काढून डब्यात टाकत राह्यली. एप्रन ओले होते तरी काढत राह्यली.

चारच्या सुमारास एक पोट्टी धावत आली. इला नावाची, पहिल्या वर्षाची, एप्रन आमच्याकडेच असतो तिचा. दम लागलेला अन् म्हणे, "मावशी, माझा मणका!" मी म्हटलं, तुझा मणका तुझ्या पाठीत असंल बाई. तेव्हा कळलं की अभ्यासाले त्याईले खरी हाडं लागतात, हिनं तो मणका खिशात ठेवला अन् एप्रन तसाच आम्हाले दिला. हाडाचा संच तिचा नव्हता, एका वरच्या वर्गातल्या ताईकडून आणलेला. अन् दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. मी नुसतं भिंतीकडं बोट दाखवलं.

भिंतीपलीकडं मोकळा प्लॉट आहे. तिथं ठिपक्या नावाचा कुत्रा बसला होता. कोणी दगड मारला तरी कूस बदलून झोपणारं जनावर, पण त्या दिवशी त्याच्या तोंडात आमचा धंदा होता. आम्हाले पाहून तो उठला अन् ताई, असा पळाला, असा पळाला! मागून इला, तिच्या मागं मी, माझ्या मागं मोनाली हातात चिमट्याचा डबा घेऊन (काऊन घेतला ते तिलेही सांगता येत नाई). कॉलेजच्या रस्त्यावरून सारी वरात गेली. शेवटी ठिपक्या पोह्याच्या गाडीखाली शिरून बसला. पोहेवाल्यानं त्याले टोस्ट दिला, मग दुसरा दिला, तर तो मणका दातात धरून गुरगुरून राह्यला. सभोवताल डॉक्टर होणारे वीस-तीस जण जमा झाले. त्यातल्या एकाचीही कुत्र्याच्या तोंडात हात घालायची तयारी नव्हती, कारण चावल्यावर काय काय होते ते त्याईले पाठ होतं. इला तर फूटपाथवर बसून रडायलेच लागली.

तेवढ्यात गर्दीतून अनुसयाबाई आल्या. त्या मागून हळूहळू चालत येत होत्या. त्याईनं एकडाव इलाकडं पाहिलं, पदर खोचला अन् म्हणाल्या, "सरका." मग त्या वयाची बाई भर रस्त्यात गाडीखाली पालथी झोपली. "दे बाप्पा, दे. पोरीची परीक्षा आहे," असं म्हणत त्याईनं, वासराले औषध पाजताना उघडतात तसा त्याचा जबडा दोन बोटांनी उघडला अन् मणका काढला. पदराले पुसला. जी वस्तू पाहून सकाळी जागच्या हलल्या नव्हत्या ती इलाच्या हातात ठेवून म्हणाल्या, "उद्या हाये न तुही परीक्षा? मंग जाय अभ्यासाले. भुताचं मी पाहून घेईन."

मी त्याईच्या लुगड्यावरची धूळ झटकत राह्यली.

इला पास झाली. तिसऱ्या दिवशी ती मैत्रिणींना घेऊन आली, सोबत पिशवीभर हाडं. म्हणे, मावशींना ज्याचं भेव वाटलं ते त्याईले दाखवायचं आहे. आंगणात सतरंजी टाकून तिनं एकेक हाड आमच्या हातात दिलं, आपल्याच अंगावर हात लावून कुठलं कुठं असते ते दाखवलं. श्रीधरकाका पहिले खिडकीतून पाहत होते, मग पायरीवर आले, मग सतरंजीच्या कोपऱ्यावर. कमरेचा मणका त्याईनं बराच वेळ हातात धरला. म्हणाले, "छत्तीस वर्षं खुर्चीवर बसून हाच दुखतो माझा." इलानं त्याईले कसं बसायचं, कसं उठायचं ते शिकवलं. जाताना काका माझ्याकडं न पाहता म्हणाले, "कौशल्याबाई, मी नोटीस तोंडी दिली होती. तोंडी नोटीस नियमात बसत नाही."

त्याच आठवड्यात मुलींच्या होस्टेलचे सारे एप्रन आमच्याकडं आले. हाडासाठी कुत्र्यामागं धावणाऱ्या बाया एप्रन हरवणार नाईत, असं त्याईचं म्हणणं. आता दारात नवीन पाटी आहे: "खिसे रिकामे करून द्यावे. हाडे वेगळी द्यावी." अनुसयाबाई भुताचं नाव काढत नाईत, पण कोणी "मान दुखते" म्हटलं की कितवा मणका ते विचारतात. मोनालीनं लेकरासाठी पाळणा आणून आंगणातच बांधला. अन् मी एक खुर्ची घेतली, ताई. इतकी वर्षं लोकाच्या घरी मी पाटावर नाई तर जमिनीवर बसली. आता गिऱ्हाईक आलं की मी खुर्चीवरून उठते अन् त्याले बसायले देते. कोणासाठी उठायले पहिले आपण बसलेलं असावं लागते, हे मले या वयात समजलं. हे तुझ्यामुळं. मीटिंगमध्ये तू माझ्याविषयी बोलली त्याचा मी राग धरला होता, तो आज या पत्रानं सोडला. सुधा मॅडमलेही लिहिणार आहे, पण पहिलं पत्र तुले.

घरच्या मोठ्यांना जयभीम, लहानांना गोड पापा.

तुझीच,
कौशल्या

ता. क. मुद्दा राहूनच गेला. धुणं आम्ही करतो, पण प्रेस कोणालेच धड जमत नाई. मोनालीनं दोन कॉलर जाळल्या. आपल्या श्रावणभाऊजींनी एस.टी.त कंडक्टर असताना तीस वर्षं आपली वर्दी स्वतः प्रेस केली. त्याईच्या पँटीच्या घडीवर बोट ठेवलं तर कापेल असं वाटे. रिटायर झाल्यापासून ते दिवसभर स्वयंपाकघरात उभे राहून तू कांदा कसा चिरते ते पाहतात, असं तूच म्हणतेस. तर त्याईले आमच्याकडं कामाले पाठवशील का? रोजी देऊ. अनुसयाबाईच्या हाताखाली राहावं लागेल.

दुसरा ता. क. खोटं बोलवत नाई. भाऊजी आठ दिवसांपासून पेन्शनच्या कामाले नागपूरले जाऊन राह्यले असं तू समजतेस, तर ते काम कधीचंच झालं. केळझरच्या स्टँडवर ते नागपूरच्या गाडीत न बसता वर्ध्याच्या गाडीत बसतात अन् साडेनऊले आमच्याकडं हजर होतात. काल साठ एप्रन केले, एकाही बाहीले सुरकुती नाई. तुले सांगायले भितात. या वयात कशाले म्हणशील म्हणून. परवा त्याईले दहा मिनिटं उशीर झाला तर अनुसयाबाईनं साऱ्यांसमोर झापलं. मले वाटलं, झालं, आता हा माणूस येत नाई. तर जाताना मले म्हणाले, "कौशल्या, दोन वर्षांत मले कोणी विचारलं नव्हतं, उशीर काऊन झाला." त्याईले रागावू नको. आता डब्यात दोन पोळ्या जास्त देजो, पेन्शनच्या कामानं माणसाले भूक लय लागते.