नकलेत उलटी नव्हती

सोमवार, ४ मार्च
ताईचं डोकं परत. अर्धंच दुखतं म्हणे. खोलीत अंधार, कपाळावर ओला रुमाल. मी नुसता चमचा ताटलीत ठेवला, तर कळवळली, हळू रे मेल्या! दुकानात डोक्याची उजवी बाजू धरून तिची नक्कल केली. मी तिथे स्पीकर टेस्ट करतो. मालक हसून हसून स्टुलावरून घसरला. आता रोज करायची. ताईला कळता कामा नये, एवढंच.

बुधवार, ६ मार्च
डॉक्टरांनी ताईला फॉर्म दिलाय. मायग्रेनवाल्यांचे स्वभाव कसे, बायकांत-पुरुषांत फरक काय, असला काहीतरी अभ्यास. गंमत म्हणून मीच सोडवून बघितला. काळजी करता? छे. चिडता? कशाला. मनातलं लोकांना सांगता? भरपूर. म्हणजे मला होऊच शकत नाही. शिवाय डॉक्टरच म्हणाले, बायकांना जास्त होतो. विषय संपला.

शनिवार, ९ मार्च, दुपार
उजव्या डोळ्यामागे कोणीतरी खिळा ठोकतंय. मायग्रेन नाही. टोपी घट्ट आहे.

रविवार, १० मार्च
टोपी टाकून दिली. तरी ठोकाठोक चालूच. उशी असेल. ताईने विचारलं, उजेडाचा त्रास होतोय का रे? मी म्हटलं, हॅट्! आणि पडदा ओढला. सोफ्याचा रंग उडतो उन्हाने.

मंगळवार, १२ मार्च
संकल्प: पुरुषासारखं सहन करायचं.
दहा वाजता मोठा बास स्पीकर टेस्टिंगला आला. दहा वाजून एक मिनिटाने मी डोकं धरून खाली. पॅकिंगवाला ओरडला, आली रे आली, ताई आली! टाळ्या. मी म्हटलं, खरंच दुखतंय रे. तो म्हणाला, वा, आज डायलॉगपण नवा! मालकाने खुशीत आवाज वाढवला. मग मी स्पीकरच्या खोक्यात ओकलो. नकलेत उलटी नव्हती. मालक टरकला. त्याने ताईला फोन करून सगळं सांगितलं. सगळं म्हणजे नक्कलसुद्धा.

तोच दिवस, संध्याकाळ
ताईच्या खोलीत. ताईच्या रुमालाखाली. अक्षरं दिसत नाहीत. ती तासभर रुमाल भिजवून बदलत राहिली. शिव्या तरी घालायच्या. नको, आवाज होईल. शेवटी पुटपुटली, मी डावी बाजू धरते, गाढवा. नक्कल तरी नीट करायचीस.

बुधवार, १३ मार्च
ताईने माझ्यासाठी वेगळा फॉर्म आणला. ‘पुरुष’वर खूण केली. मी पडून उत्तरं दिली. मनातलं लोकांना सांगता? म्हटलं, हो लिही. ती म्हणाली, मग मालकाला फोन कर. काय झालंय ते सांग.
केला. पोट बिघडलंय म्हटलं.
ताईने ‘नाही’वर खूण केली. मग परत गिरवली.