चार ठिकाणी नाव लिहिलेली बॅग

७ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ.
आज आमच्या घरच्या हॉलमध्ये गल्लीतल्या निवृत्तांची बैठक झाली. दर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. येत्या वर्षी कोण कुठे फिरायला जाणार, ते प्रत्येकाने उभे राहून सांगायचे. कंडक्टरकाका कायमचे अध्यक्ष. नोकरीतली शिट्टी अजून त्यांच्या गळ्यात असते. कोणी लांबण लावली की एक शिट्टी, म्हणजे थांबा. बेत पसंत पडला की दोन शिट्ट्या, म्हणजे जाऊ दे. नियम दोनच. एकदा सांगितले की जायचे. आणि साठी उलटलेल्याने सोबत्याचे नाव तिथेच सांगायचे. सोबत्याला माघार नाही.

हेडबाईंनी बर्फ पाहायचा बेत सांगितला, सोबतीला बहीण. (मी नववीत शाळा सोडली तेव्हा ह्याच मुख्याध्यापिका होत्या. अजून दिसलो की विचारतात, काय रे, पुस्तक उघडतोस का?) कंडक्टरकाका म्हणाले, जिथपर्यंत बस जाईल तिथपर्यंत जाणार, आणि खिडकीशी बसून जाणार, जन्मभर उभ्याने प्रवास केलाय. सोबतीला जावई. बिचारा.

मग आत्याने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि ती उभी राहिली. आत्या दर वर्षी फक्त चहा करते. म्हणाली, मला जहाजाने बेटावर जायचंय.

बावीस वर्षांपूर्वी तिथल्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. ऑर्डर हातात होती. तेवढ्यात मी तिच्या पदरात पडलो, दोन वर्षांचा. ती गेली नाही. आता बेटावर विमानतळ होतोय आणि येत्या मार्चपासून जहाज कायमचे बंद. म्हणजे फेब्रुवारी, नाहीतर कधीच नाही.

काकांनी विचारले, सोबती? आत्याने माझ्याकडे पाहिले.

मी ताबडतोब, मोठ्या आवाजात हो म्हणालो. आवाज जरा फाटला, पण हवा कोरडी आहे. काका म्हणाले, वाघ आहेस! हेडबाई म्हणाल्या, वाघाला पोहता येतं का? येते, असे मी वाचले आहे. मला येत नाही. पण वाघ मी म्हणालो नव्हतो, काका म्हणाले होते.

८ डिसेंबर, सोमवार.
मी घाबरलेलो नाही. भीती या शब्दातल्या दोन्ही वेलांट्या दीर्घ. हे ज्याला न अडखळता लिहिता येते, त्याचे डोके शांत असते.

मी फक्त विचार करतो आहे. जहाज लोखंडाचे असते. लोखंड बुडते. यावर कोणीच काही बोलत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार. दुकान बंद झाल्यावर.
प्रवासाविषयी माझ्याइतकी माहिती या गल्लीत कोणाला नसेल. शाळा सुटल्यापासून मी बॅगदुरुस्तीच्या दुकानात आहे. स्वतः कुठे गेलो नाही, पण गेलेल्या बॅगा रोज पाहतो. चाक उडालेले, दांडा वाकलेला, चेन फाटलेली, एका कडेला पार चेपलेली. धडधाकट बॅग आजवर एकही आली नाही. यावरून प्रवासात काय चालत असेल ते कळते. बॅगेचे हे हाल, तर आत्याच्या गुडघ्यांचे काय?

आज एक बाई दोन्ही चाके गेलेली बॅग घेऊन आल्या. मी हळूच विचारले, वादळ होते का? म्हणाल्या, कसलं वादळ, नातू बसला होता वर, आजोबा ओढत होते. लोक खरे सांगत नाहीत. त्यांना आठवण नको असते.

१४ डिसेंबर, रविवार.
तयारी सुरू. (१) बादलीत तोंड बुडवून श्वास धरणे. पहिल्याच वेळी पाणी नाकात गेले. बादली चुकीच्या आकाराची आहे. (२) समुद्राच्या हेलकाव्यांची सवय व्हावी म्हणून बागेतल्या झोक्यावर बसणे. छान चालले होते, पण रांगेतल्या एका चिमुरडीने वॉचमनला सांगितले, ते काका डोळे मिटून रडतायत, त्यांना उतरवा. रडत नव्हतो. वारा लागत होता.

आत्याने विचारले, कुठे गेला होतास? म्हणालो, सराव. तिने डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, माझं बाळ ते. मी चोवीस वर्षांचा आहे.

२१ डिसेंबर, रविवार.
तिकिटे आली. आत्याने ती आरशाच्या कडेला खोचली. आता दाढी करताना जहाज दिसते. दाढी बंद.

आत्याने तिची जुनी बॅग माझ्याकडे दिली. नोकरीच्या ऑर्डरसोबतच घेतलेली, पितळी चेनची, कधीच न नेलेली. चेन जरा अडकते, नीट करून दे, म्हणाली. या बॅगेशिवाय तिचे पाऊल निघणार नाही, हे मला ठाऊक आहे.

काम जबाबदारीचे आहे. घाई करणार नाही.

२८ डिसेंबर, रविवार.
आत्याची चेन झाली होती. पण शेवटच्या घटकेला एक दाता सैल वाटला, म्हणून पकडीने काढला. मग शेजारचा एकटा पडला, म्हणून तोही काढला. दर्जाच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

४ जानेवारी, रविवार.
आत्या म्हणाली, अरे झाली का चेन? म्हणालो, जुने पितळ आहे, वेळ लागतो. हेडबाईंबरोबर चहाला आलेले काका म्हणाले, आमची अख्खी बस एका दिवसात उघडून जोडायचे रे! हेडबाई म्हणाल्या, हा नववीतही असाच. पेपर कोरा, समास मात्र सुंदर आखलेला.

मी दुर्लक्ष केले. आज आणखी थोडे दाते काढले.

स्वतःसाठी मात्र नवी बॅग बांधतो आहे. दुहेरी शिलाई, तळाला जाड पत्रा, अंधारात चमकणारी नारिंगी पट्टी. माझे नाव आणि पत्ता चार ठिकाणी: वर, खाली, आत, आणि आतल्याही आत. शुद्धलेखन तपासले. मी सापडलो नाही तर निदान बॅग योग्य घरी यावी.

११ जानेवारी, रविवार.
आत्याने शर्ट धुवायला घेतला आणि खिशातून पितळी दाते निघाले. मुठीत घेऊन ती माझ्यासमोर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते.

मी तिला माझा सिद्धान्त समजावला. दुकान, चाके, दांडे, तिचे गुडघे. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, अरे शहाण्या, तुझ्याकडे तुटकी बॅग घेऊन येतं कोण? परत आलेली माणसंच येतात ना? न परतलेलं कोणी आलंय का कधी चेन बदलून घ्यायला?

मग स्टुलावर चढून तिने माळ्यावरची निळी बॅग खाली काढली. आईबाबांची. ते दोघे ज्या प्रवासातून आले नाहीत, त्यातून ही आली. एवढ्या वर्षांत मी तिला हात लावलेला नाही. दुरुस्त करण्यासारखे तिच्यात काही नाही. आत्या म्हणाली, बघ, एक ओरखडा नाही हिच्यावर. मोडकी आली असती आणि माणसं धड आली असती, तर मी तिची पूजा केली असती रे.

बॅगेवरची धूळ पुसत म्हणाली, तू येणार नसशील तर मीही जात नाही. नियम म्हणून नाही. तुला एकट्याला ठेवून माझा पाय निघायचा नाही. तिने आरशातली तिकिटे काढून ट्रेखाली सरकवली आणि चहा टाकायला गेली. चहा नेहमीसारखाच झाला होता.

१२ जानेवारी, सोमवार.
ठरले. जाणार. माझ्यामुळे ती एकदा राहिली, दुसऱ्यांदा राहणार नाही. सगळे दाते परत बसवले. चेनचा रनर लोण्यासारखा फिरतो. तिकिटे पुन्हा आरशावर मीच लावली. आत्याने पाहिले आणि पाठ फिरवून नाक पुसले.

आता मला कशाचेच काही वाटत नाही. जेवण जात नाही, तो उत्साह.

१ फेब्रुवारी, रविवार.
काका घरी आले होते. त्यांना म्हणालो, मी सोबत असताना आत्याची काळजी करू नका. घाबरली तर मी हात धरीन. काकांनी माझा हात पाहिला. म्हणाले, आधी तो टेबलावरून उचल, कप वाजतायत.

१४ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.
उद्या सकाळी जहाज. बॅग भरली. तिच्याइतकी मजबूत वस्तू मी कधी बनवली नाही. मालकांनी दुकानात सगळ्यांसमोर हात मिळवला. म्हणाले, परत ये. हे त्यांनी का म्हणावे? नुसते जा म्हणता आले असते.

माझे मन खंबीर आहे. धक्क्यावरून घरी येणारी बस कोणती, ते मात्र विचारून ठेवले.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपार. घरून.
घडले ते जसेच्या तसे लिहितो.

धक्क्यावर वेळेत पोहोचलो. काका आणि हेडबाई पोहोचवायला आले होते. आत्या जिन्याची फळी चढून वर गेली, गुडघ्यांची कुरकुर न करता. माझी पाळी आली. धक्का आणि फळी यांच्यामध्ये वीतभर फट होती. फटीत पाणी होते, काळे, आणि ते वरखाली होत होते. किंवा मी होत होतो. मागे रांग होती. खलाशी म्हणाला, साहेब, चढताय की समुद्र बाहेर आणून देऊ?

वरून आत्याने हात पुढे केला. मी त्या हातात बॅग दिली.

का दिली, सांगता येत नाही. बहुधा आधी सामान, मग माणूस, अशी पद्धत असावी. पण बॅग गेल्यावर माणूस जाईना. पाय जमिनीला शिवलेले, दुहेरी शिलाईने. हेडबाई पाठीमागून, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाल्या, जा रे बाळा, नुसतं एक पाऊल. मी म्हणालो, हो बाई. आणि एक पाऊल टाकले. मागे.

खलाशी फळी ओढायला वाकला. मला वाटले आत्या उतरेल. (उतरावी, असे वाटले. हे वाक्य नंतर खोडायचे आहे.) ती वर कठड्याशी उभी होती. एका हातात तिची बॅग, एका हातात माझी. तिने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ. तापात कपाळाला हात लावून पाहायची, तसे. उतरली नाही.

काकांनी एक शिट्टी मारली. थांबा. अध्यक्ष म्हणून ओरडले, सोबत्याशिवाय जाता येत नाही, नियम आहे! आत्या माझी बॅग उंचावून म्हणाली, ही आहे की सोबत. नाव चार ठिकाणी लिहिलंय त्याचं, बघा हवं तर!

काकांनी बॅगेकडे पाहिले. मग त्यांनी दोन शिट्ट्या दिल्या.

मी हात हलवला. तो चांगला हलला, कारण आधीपासूनच हलत होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार.
धक्क्यावर कोणीतरी थांबणे गरजेचे होते. घराकडे लक्ष कोण देणार? दूध उतू गेले, यावरूनच घराला माणूस लागतो हे सिद्ध होते.

हवामानाच्या बातम्या ऐकतो आहे. समुद्र शांत आहे, म्हणतात. घर त्याहून शांत आहे. इतकी वर्षे मला वाटायचे, मी समुद्राला भितो. तसे नसावे. पण आज त्यात शिरत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार.
आत्याचा फोन आला. पोहोचली. तो दवाखाना अजून आहे, खिडकीतून पाणी दिसते, म्हणाली. तिथल्या नर्सने तिला आपल्या खुर्चीत बसवले. जहाजात तुझ्या जागेवर तुझी बॅग झोपवली होती, म्हणाली, गुणाची आहे, घोरत नाही. मी विचारले, भीती वाटली का? म्हणाली, पहिल्या दिवशी खूप. मग म्हणाली, ठेवते रे, सगळी गाणी म्हणायला बसलीत. मागे हसण्याचा आवाज येत होता. तो तिचाच होता, हे मला फोन ठेवल्यावर कळले.

२२ फेब्रुवारी, रविवार.
आत्या परत आली. नाक उन्हाने सोललेले. गुडघ्यांचे नावच नाही. तिची पितळी चेनची बॅग एका बाजूने फाटली आहे, आणि ते ती सगळ्यांना कौतुकाने दाखवते. काका आणि हेडबाईंना समुद्राच्या गोष्टी सांगत बसली. लांबण लागली, पण काकांनी शिट्टी मारली नाही. चहा मी केला.

२३ फेब्रुवारी, सोमवार. दुकान.
माझ्या बॅगेचे एक चाक उडाले आहे. कोपरा चेपला आहे. नारिंगी पट्टी उन्हाने फिकी पडली आहे. नावे मात्र चारही ठिकाणी स्वच्छ वाचता येतात.

काउंटरवर ठेवली. मालकांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, कुठे जाऊन आली? बेटावर, म्हणालो. त्यांनी नाव वाचले, मग माझ्याकडे पाहिले. आणि तू?

म्हणालो, मी चाक बदलतोय.