बुधवारचे सोळा सेकंद

२३ मार्च २०२०, हूफडॉर्प, नेदरलँड्स

विमानं बंद! माझं परतीचं तिकीट रद्द. निशिगंधा म्हणते, बाबा, राहा की निवांत. निवांत कसला? लेकीकडे दोन महिन्यांसाठी आलो होतो. सरला तिकडे चेंबूरला एकटी. गुडघ्यांपायी ती आलीच नाही.

२९ मार्च

१७ मेला लग्नाला पंचावन्न वर्षं होतील. तोवर काही मी पोचत नाही. सरलाला तसं बोललो नाही.

२७ एप्रिल

आज इथल्या राजाचा वाढदिवस. सगळे घरात अडकलेले, म्हणून दहाच्या ठोक्याला खिडक्या-खिडक्यांतून राष्ट्रगीत. समोरच्या बाईंनी नारिंगी स्वेटर घालून चक्क ट्रम्पेट काढला! वाजवलं अगदी बेसूर. पण माझे हात शिवशिवायला लागले. तीस वर्षांत हात लावला नव्हता. निशिगंधाने गल्लीच्या व्हॉट्सॲपवर विचारलं, तर संध्याकाळी ट्रम्पेट आमच्या दारात, चिठ्ठीसकट! माउथपीस दोनदा उकळून घेतला.

ठरलं. १७ तारखेला सरलाला फोनवर माझा रेडिओवरचा जुना सोलो ऐकवायचा.

२८ एप्रिल

कवळी हलते! सूर कसला, नुसती हवा. सायकलींच्या शेडमध्ये बसून तासभर फुंकलं.

३ मे

सन पासष्ट ते सत्तर. दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता रेडिओवर आमचा स्विंग बँड — थेट! चुकलं की अख्ख्या मुंबईसमोर चुकलं. सगळ्यांत मिळून एक माइक. ट्रम्पेट मोठ्याने बोलतो म्हणून मला पार मागे, भिंतीला लागून उभं करायचे. माझा सोलो आला की पुढचा क्लॅरिनेटवाला श्यामकांत खाली वाकायचा, नाहीतर सगळे सूर त्याच्या टाळक्यात. सोळा सेकंद फक्त. पण माझे, मी स्वतः बांधलेले.

बाप लग्नाच्या वरातीत फुंकून फुंकून खोकत गेला आणि पोरगा रेडिओवर पोचला! घरी आलो की सरला ताट वाढताना म्हणायची, आज फार छान झालं. तेवढं ऐकायला मी आठवडाभर थांबायचो.

९ मे

मधला तुकडा आठवतच नाही! सुरुवात येते, शेवट येतो, मध्ये पाच-सहा सेकंद नुसता खड्डा. टेप नाही, तेव्हा कोण करून ठेवणार? श्यामकांत गेला, बाकीचेही गेले. उरली सरला. तिला फोन करून म्हटलं, जरा गुणगुणून दाखव ना. म्हणाली, गॅसवर दूध आहे.

१२ मे

परत विचारलं. आज डोकं दुखतंय म्हणाली. विसरली की काय ही? मग तो सोलो कुठेच उरला नाही. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. निशिगंधावर उगाच खेकसलो.

१५ मे

शेवटी मधला तुकडा नवाच बांधला. काय करणार!

१७ मे

फोन खुर्चीवर उभा केला आणि मी मागे जाऊन भिंतीशी उभा राहिलो, पूर्वीसारखा. निशिगंधाने बोटाने खूण केली. श्वास पुरला, कवळीही टिकली. वाजवून झालं तर पडद्यावर सरलाचे डोळे भरलेले. पूर्वीसारखं झालं का, हे विचारायची हिंमतच झाली नाही. मधलं खोटं होतं हे तिने ओळखलं असणार.

१८ मे

सकाळी सरलाचाच फोन. "अहो, मी काल पहिल्यांदा ऐकलं. बुधवारी सात वाजले की तुमच्या आई रेडिओ बंद करायच्या. नवरा फुंकून गेला, आता मुलगाही जाणार, म्हणून रडत बसायच्या. तुम्हाला कसं सांगायचं?"

पाच वर्षं, दर बुधवारी!

मग म्हणाली, "मधलं ते फार छान झालं. परत वाजवा ना."