बोक्याची लघवी, माझी बातमी

११ जानेवारी १९८१, रविवार

निषेध! त्रिवार निषेध! नववी ‘ब’च्या संस्कृतच्या त्रेचाळीस उत्तरपत्रिकांवर आज आमच्या दुर्वास बोक्यानं लघुशंका केली. तीही एका जागी, भरघोस नव्हे. इथे दोन थेंब, तिथे तीन — जणू गुण देत फिरला. त्याचं मूल्यमापन माझ्याहून फारसं वेगळं नाही हे मान्य. पण पद्धत आक्षेपार्ह. एक थेंब माझ्या शाळेच्या चपलेवरही.

काही थेंब लालसर दिसले. माझ्या तांबड्या शाईत मिसळले असणार.

हिच्याकडे फिर्याद नेली. ही मागाजवळ सुताच्या कांड्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, “एवढे पेपर पसरून ठेवता कायले जी? त्याले वाटलं रद्दी आहे.”

निकाल बोक्याच्या बाजूनं. नेहमीप्रमाणे. दुर्वास हे नाव मी ठेवलं, त्याच्या रागावरून. ही त्याला ‘बाबू’ म्हणते, आणि तो तिच्याच हाकेला ओ देतो. पेजेची खळ लावलेलं सूत उंदरांना फार आवडतं, त्यामुळे या घरात त्याला कायमची नोकरी आहे. माझीही आहे, पण माझ्याबद्दल तक्रारी ऐकून घेतल्या जातात.

१२ जानेवारी

दुर्वास सकाळपासून चुलीच्या राखेत. पाठीची कमान, शेपूट ताठ, डोळे मिटून जोर करतोय. उठला की मोरीत. मोरीतून पुन्हा राखेत.

शेजारची धुरपता आली. तलावाची मासळी विकते. रोज याला मूठभर सुके झिंगे टाकते. तिनं पाहिलं, म्हणाली, “पोट कडक झालं त्याचं. एरंडेल पाजा, सकाळी मोकळा होते.” पाजलं. मी धरलं, हिनं पाजलं. माझ्या मनगटावर चार ओरखडे, हिच्यावर एकही नाही.

संध्याकाळी एरंडेलानं आपलं काम केलं. तरी तो राखेत जाऊन बसतोच. जोर करतोच.

तांबड्या शाईची दौत पाहिली. बूच घट्ट. आणि ज्या पेपरांवर ते थेंब होते, ते मी अजून तपासलेलेच नव्हते!

१३ जानेवारी

दोनदा ओकला. पाणी पीत नाही. पोटाला हात लावला तर असा ओरडला — सात वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. पोटात खाली लिंबाएवढा टणक गोळा.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. वडिलांचा वैद्यकाचा ग्रंथ काढला. मूत्राघात, त्याचे बारा प्रकार, लक्षणांसह. पाठशाळेत हे सगळं न अडखळता म्हणून दाखवलं होतं, गुरुजींनी पाठ थोपटली होती. आणि घरात एक जीव दोन दिवस लघवीसाठी तडफडतोय आणि मी त्याला जुलाब देतोय! ग्रंथात वरुणाच्या सालीचा काढा आहे. वरुणाचं झाड कोणतं, हे मला माहीत नाही. श्लोकाचं वृत्त माहीत आहे.

“पुस्तक मिटा,” ही म्हणाली. “ढोराच्या डॉक्टरले दाखवा.”

मी पान उलटलं.

“कायले थांबून राहिले?”

कायले ते तिलाही ठाऊक आहे. इथं लिहूनच टाकतो. गेल्या महिन्यात मी — नागपूरच्या दैनिकाचा या भागाचा वार्ताहर — एक बातमी पाठवली होती. ‘पशुवैद्यकीय दवाखान्याला कुलूप; डॉक्टर बेपत्ता’. तीन दिवस कुलूप होतं. पाहिलं ते लिहिलं. डॉक्टर सेलोकरांचं नाव घातलं, शेवटी वैद्यांवरचा एक श्लोकही जोडला. चौकटीत छापून आली. शाळेत चहा झाला.

“तुमच्या तोंडाची लाज राहावी म्हणून माझ्या बाबूनं मरावं का जी?”

म्हटलं, सकाळी जाऊ, आता अंधार पडला.

अंधार पडला नव्हता.

१४ जानेवारी, संक्रांत

टोपलीत दुर्वास, वरून हिचं जुनं लुगडं. माझ्या खिशात हिनं तिळगुळाचा लाडू कोंबला — “रिकाम्या हातानं जाऊ नका.” दवाखान्याला सुट्टी. मागं डॉक्टरांच्या क्वार्टरवर दोघं गेलो. दारात डोमा, दवाखान्याचा शिपाई.

“या मास्तर! आज सणाचं कुलूप मोजाले आले का?”

मी टोपली पुढे केली. त्यानं आत हाक मारली.

डॉक्टर दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. माझ्याकडे पाहिलंच नाही, टोपलीकडे पाहिलं. तोंड तसंच ठेवून पोट चाचपलं.

“लघवी शेवटची कधी?”

उत्तरपत्रिकांचं सांगितलं. एरंडेलाचंही. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

“मास्तर, याच्या नळीत रेती अडकली. पाणी मागं तुंबून आहे. आज निघालं नाही तर जहर रक्तात जाते.” कपाट उघडून दाखवलं. “माझ्याजवळ बैलाच्या नळ्या आहेत. याची वाट कांडीच्या काडीहून बारीक.”

मग पोटातून सरळ सुई घातली! ही दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. पिचकारी तीनदा भरली. कोऱ्या चहासारखं लाल पाणी. “एवढ्यानं आजचा दिवस निघंन. बोळा जागेवरच आहे. तुमसरले डोळ्याचे डॉक्टर आहेत. आसवाची नळी धुवाची बोथट सुई राहते त्यांच्याजवळ. तेवढीच याले जाईन. आणा. पळा!”

पळालो. एस.टी. उशिरा आली. उभ्यानं गेलो. डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर हिरवी पट्टी बांधलेली माणसं ओळीनं बसलेली. मी वाटेत एक वाक्य तयार केलं होतं — ‘आमच्या एका रुग्णाची अश्रुनलिका तुंबली आहे’. निर्दोष वाक्य. डॉक्टर समोर आले आणि ते तोंडातून निघेना. खरं तेच सांगितलं.

“बोक्याच्या...?”

“हो.”

डॉक्टरांनी आत जाऊन एक जुनी सुई आणली, कापसात गुंडाळून दिली. “परत आणू नका, मास्तर.”

तीन वाजता पोचलो. डोमानं डोकं धरलं, हिनं मागचे पाय. मला काही धरायला दिलं नाही. सुई थोडी आत, मिठाचं पाणी, सुई बाहेर. पुन्हा. पुन्हा. डॉक्टरांच्या कपाळावर घाम, जानेवारीत! किती वेळ, आठवत नाही. ताटलीत रव्यासारखी पांढरी रेती पडली. मग एक थेंब. मग धार — सरळ डॉक्टरांच्या सदऱ्यावर!

ही टेबलाला धरून रडली. डोमा म्हणाला, “रडा, राधाबाई, रडा. त्याची वाट मोकळी झाली, तुमचीही होऊ द्या.”

खिशातला लाडू चुरला होता. तोच डॉक्टरांच्या हातावर ठेवला. त्याच्यासोबत जे म्हणायचं असतं ते माझ्या तोंडून निघालं नाही. त्यांनी चुरा खाल्ला, हात धुतले. बातमीबद्दल एक अक्षर नाही.

१५ जानेवारी

जिवंत. लघवी दोनदा.

१६ जानेवारी

पुन्हा तुंबला.

दुपारी शाळेतून आलो तर हा राखेत. तीच कमान. ही त्याच्याजवळ जमिनीवर बसलेली, चूल विझलेली. उंदरांनी मागावरचा ताणा तीन ठिकाणी कुरतडलाय. लग्नाच्या पातळाचा ताणा. हिनं ते पाहिलं, पण उठली नाही. मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, “सूत जोडता येते.”

डॉक्टर सायकलनं आले. पुन्हा सुई, पुन्हा रेती. या वेळी तो ओरडलाही नाही. ते मला जास्त वाईट वाटलं.

१७ जानेवारी

डॉक्टर सकाळी आले, संध्याकाळी आले. मधे दोन गावांची ढोरं पाहून. पोट हातानं हळूच दाबून लघवी काढतात. ही कापसाच्या बोळ्यानं पाणी पाजते — एक थेंब, एक शिवी मला, एक थेंब. तो मान टाकून पडलाय. अंग गार. चुलीजवळ पोत्यावर ठेवलंय.

विचारलं, पुन्हा अडकलं तर?

“मग कापा लागते. ते इथं होत नाही. नागपूरलेही सांगता येत नाही.”

शाळेत आज काय शिकवलं ते आठवत नाही. आज विनोद सुचत नाही. या वहीत असं वाक्य पहिल्यांदाच लिहितोय.

१८ जानेवारी, रविवार

“अजी! या लवकर! धार!”

धावलो. राखेत दुर्वास उभा, आणि धार. लांब, अखंड, आपली आपण, कोणाचा हात न लागता! आम्ही दोघं पन्नाशीची माणसं मांडी घालून समोर बसलो आणि पाहत राहिलो. एवढ्या एकाग्रतेनं मी संध्या केली असती तर आज कुठे असतो.

उकडलेला ताजा मासा आणि पातळ भात खाल्ला. मग मला ओरखडलं. प्रकृती ठीक आहे.

सुके झिंगे बंद. धुरपता रागावली. “माझ्या झिंग्याले नाव कायले ठेवता? माझा बाप नव्वद वर्षं खाऊन गेला!” डॉक्टर म्हणाले, “खरं कारण मलेही माहीत नाही. थंडीत पाणी कमी पितात, एवढं दिसते. ओलं खाऊ घाला. पण हा रोग फिरून येते, बाई. लक्ष ठेवा.”

२१ जानेवारी

बाजारात डोमा भेटला. डॉक्टरांची बदली. सिरोंचा, पार जंगलात! दहा दिवसांत हजर व्हायचं.

“तुमचं कात्रण वर फाइलीत लागलं जी,” डोमा म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “ते तीन दिवस साहेब करडी गावाले होते. खुरीची लस टोचत. साडेतीनशे ढोरं. हात सुजून आले होते.”

मला कसं कळणार होतं! दाराला कुलूप दिसलं, कुलूप लिहिलं.

हिला सांगितलं. हातातली कांडी खाली ठेवली. “आता बाबू पुन्हा तुंबला तर कोणाकडं नेता?” संध्याकाळी दैनिकाला खुलासा लिहिला — डॉक्टर कर्तव्यावर होते, वार्ताहराचा गैरसमज झाला. टपालात टाकला.

२३ जानेवारी

डॉक्टर येऊन गेले. बांधाबांध चालू असताना! हिचा हात धरून दुर्वासाच्या पोटावर ठेवला, शिकवलं — मऊ लागलं तर ठीक, लिंबू लागलं तर थांबायचं नाही. ही दहादा चाचपून पाहते. दुर्वास हे सारं सहन करतो, फक्त तिचं. ती सुई आमच्याकडेच ठेवली. “पुढं जो येईन, त्याले दाखवा. कशी घालाची ते मी लिहून देतो.” आणि माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच कागदावर, चित्र काढून लिहून दिलं.

मी चहा विचारला. घेतला. मी म्हटलं, मी खुलासा पाठवलाय, माझा गैरसमज झाला. “हो का,” म्हणाले. कप बशीत ठेवला, सायकलवर बसून गेले.

२५ जानेवारी, रविवार

गैरसमज झाला नव्हता.

दवाखान्याच्या दारावर खडूनं लिहिलं होतं — ‘करडी येथे लसीकरण, शुक्रवारी परत’. मी ते वाचलं होतं. डोमालाही विचारलं होतं, त्यानंही तेच सांगितलं. ते घेतलं असतं तर बातमी उरत नव्हती. म्हणून घेतलं नाही. डोमानं हे डॉक्टरांना कधीच सांगितलं असणार.

गेल्या वर्षाची वही काढून त्या दिवसाचं पान पाहिलं. तिथंही एवढंच आहे — ‘कुलूप. कोणी नाही.’ ही वही कोणी वाचत नाही. तरी इथंही मी खडूचं लिहिलं नाही, आणि परवापरवापर्यंत मला स्वतःलाही ते खरं वाटत होतं. बोक्याची भीती आहेच. पण जास्त भीती याची वाटते.

डॉक्टर गुरुवारी जातात. त्याआधी जाऊन सांगायला हवं. जाईन की नाही, माहीत नाही.