उठावंसं वाटलं पाहिजे

बाबा,

तुम्ही, मी आणि दुसऱ्यांची पावलं उठावीत म्हणून वाजवणारे सगळे, आपलं गाऱ्हाणं एकच आहे. लोक आपल्या वाजवण्यावर घाम निघेपर्यंत नाचतात आणि जाताना म्हणतात, मजा आली, पण संगीत म्हणजे निराळंच काहीतरी! नव्वदच्या दशकात पंचवटीतल्या व्हायोलिनच्या शिकवणीत मी हे पहिल्यांदा ऐकलं. तिथे पाय हलला की सरांची पट्टी गुडघ्यावर यायची. पुढे जिथे माईक हाती आला, तिथे मी या वाक्याशी भांडले. तुम्ही कधी भांडला नाहीत. शाळेत गणित शिकवायचं आणि भात घरात आला की पेठकडच्या आपल्या पाड्यावर जाऊन तारपा फुंकायचा. भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य तोंडाला लावून तुम्ही रिंगणाच्या मधोमध चालताय, गाल फुगलेत, सूर तुटत नाही. तुम्ही चाल बदलता आणि सगळं रिंगण पाऊल बदलतं. आई त्याच रिंगणात आहे, शेजारणीच्या कमरेत हात घालून, नजर तुमच्यावर.

मी माझी पहिली रचना तुम्हाला इंदिरानगरच्या स्वयंपाकघरात वाजवून दाखवली. आई भाकरी थापत होती. तुम्ही डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलंत.

"चांगलं हाय. पण उठावंसं नाय वाटलं."

"बाबा, हे बसून ऐकायचं संगीत आहे!"

"मग बसलो होतो की!"

आईला हसू आवरेना, तव्यावरची भाकरी करपली. मी कितीतरी दिवस धुसफुसत होते. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. त्यानंतर काहीही लिहिलं की मनात एकच प्रश्न यायचा, बाबा उठले असते का?

मग काही वर्षांनी मी तुमच्या तारप्याच्या चालींवर चार वादकांसाठी रचना लिहिली. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात ती झाली. वादकांना मी मंचावर बसवलंच नाही, श्रोत्यांच्या मधोमध बसवलं. चेलोचा सूर अखंड चालतो, तो बदलला की बाकीचे तिघे पाऊल बदलतात. लोक मात्र हाताची घडी घालून, परीक्षेला बसल्यासारखे. आणि पुढच्या रांगेतून आई उठली. एक कार्यकर्ता धावत आला.

"आजी, बसा ना. मागच्यांना दिसत नाही."

"मागच्यांना म्हणावं, तुम्हीपण उठा! आणि तू रं, नुसता उभा काय? ये!"

तिने त्याचा हातच धरला. दोन पावलं तो अडखळला, तिसऱ्याला जमलं. मग तिच्या शेजारची बाई उठली, तिच्यामागे आणखी कोणी कोणी. चेलोवाला हसत होता, पण सूर त्याने तुटू दिला नाही. त्या दिवशी मला भाषण करावं लागलं नाही.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून सांगते. तारप्याच्या त्या पावलावर मी इतकी वर्षं बोलले, लिहिलं, पण ते मला अजून टाकता येत नाही. आई शिकवतेय. आत्ताही तिने खुर्च्या भिंतीला लावल्यात, त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलंय आणि मला हाका मारतेय. चेलो आता चाल बदलेल.

बाबा, उठा.